वायफायची अट

बालीगंजमधल्या त्या घराचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला मी गेले, तेव्हा घरमालक काकांनी मला मराठीत तीन प्रश्न विचारले. बँकेच्या बदलीवर आलात का, किती वर्षांसाठी, आणि ब्राउझर कुठला वापरता?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या जिभेवर होती. तिसरा मला नीट कळलाच नाही. घर दाखवायला आलेला दलाल बंगाली होता, त्याला तर काहीच कळलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि मी काकांकडे बघून हसले.

"हसण्यासारखं काही नाही बाई. इंटरनेट कशातून बघता, ते विचारतोय."

"सगळे बघतात त्यातूनच," मी म्हटलं.

झालं! काकांनी पुढे केलेली किल्ली पुन्हा लेंग्याच्या खिशात टाकली आणि मला समोर खुर्चीवर बसवलं. नोकरीत मी बऱ्याच गावी बदलून गेले. घरमालकांनी काय काय विचारलंय म्हणून सांगू! पुण्यात विचारलं, मांसमच्छी शिजवणार नाही ना. हैदराबादला विचारलं, एकट्या राहताय तर मिस्टर कुठं असतात. इथं मात्र सगळी मोकळीक होती. "मासे करा, मटण करा, पाहुणे आणा, वाटेल तेव्हा घरी या. वायफाय माझं आहे, ते वापरा, त्याचं भाडं घेणार नाही. पण ते माझ्या वायफायवर चालणार नाही."

'ते' म्हणजे तो ब्राउझर, जगातले बहुतेक लोक वापरतात तो. त्याचं नाव काका कधीही घेत नसत. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसं. ते म्हणजे ते. आणि त्यांनी स्वतः धरलेला दुसरा, कोणाला फारसा ठाऊक नसलेला ब्राउझर म्हणजे 'आपलं'.

मी बँकेत माणसं वाकवण्यात आयुष्य घालवलेलं. मी सांगून टाकलं, "तुमच्या वायफायवर तुमचं वापरीन. पण माझ्या मोबाईलच्या डेटावर मला हवं ते चालवीन. माझ्या लॅपटॉपवरून मी काहीही काढून टाकणार नाही."

काकांनी जरा विचार केला. "तुमच्या पैशानं तुम्ही विष खा," ते म्हणाले आणि किल्ली दिली. त्या घरात मी चार वर्षं राहिले.

माणूस किडकिडीत, नाक सरळ, आवाज अंगापेक्षा मोठा. महाराष्ट्रातून सरकारी नोकरीत इथं आले आणि निवृत्त झाल्यावर परत गेलेच नाहीत. मराठी अगदी स्वच्छ बोलायचे, पण नोव्हेंबर उजाडला की बंगाल्यांसारखी माकडटोपी चढायची, आणि पोहे मोहरीच्या तेलात व्हायचे. मोहरीच्या तेलातले पोहे ज्यानं खाल्ले नाहीत त्यानं काहीही गमावलेलं नाही. मला ते दर रविवारी खावे लागत.

सकाळी खालून आवाज यायचा. "नाही. नाही. नाही. हेही नाही." पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा फोनवर कोणाला तरी झाडतोय. मग कळलं की काका बातम्या वाचताहेत. कुठलंही पान उघडलं की ते कुकी घेऊ का म्हणून विचारतं, आपण सगळे 'घ्या' म्हणून मोकळे होतो. काका ती सगळी यादी उघडायचे आणि एकेका ओळीला मोठ्यानं नकार द्यायचे. लोक सकाळी स्तोत्र म्हणतात, काका 'नाही' म्हणायचे. बातमी वाचेपर्यंत चहा गार झालेला असे.

खरी जन्मतारीख त्यांनी कुठल्याही साईटला कधी दिली नाही. एका ठिकाणी ते वीस वर्षांचे होते, एका ठिकाणी शंभरीच्या पुढचे. एकदा त्यांना एका साईटनं वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर दिवसभर खूश होते. "फसले! भर उन्हाळ्यात माझा वाढदिवस करताहेत लेकाचे!"

एका रविवारी आम्ही गडियाहाटच्या बाजारात गेलो होतो. मी सहज म्हटलं, काका, कोणी आपलं बघितलं तर बिघडलं काय एवढं? आपल्याकडे लपवण्यासारखं असतं काय? काका त्यांच्या नेहमीच्या मासेवाल्यासमोर थांबले.

"हा बघा. मला रोहू लागतो, पोटाकडचा तुकडा लागतो, डोकं नको असतं, हे याला ठाऊक आहे. असू दे. त्याचा धंदा आहे तो. पण हा माझ्यामागून घरी येतो का? मी आंघोळीला गेलो की न्हाणीच्या दारात उभा राहून 'रोहू घ्या, रोहू घ्या' असं ओरडतो का?"

"की बोलछेन, दादा?" मासेवाल्यानं विचारलं, काय म्हणताय म्हणून.

"तू चांगला माणूस आहेस, असं म्हणतोय," काकांनी त्याला बंगालीत सांगितलं.

आता स्वतः नेम पाळावा आणि गप्प बसावं की नाही? छे! इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती झाली की काका प्रसादाच्या ताटापाशी उभे राहायचे. आधी फोन दाखवायचा, मग मोदक. फोनमध्ये 'ते' सापडलं की तिथल्या तिथं काढून 'आपलं' घालून देणार. लोक हसून फोन पुढे करायचे, मोदक तोंडात टाकायचे आणि घरी जाऊन पुन्हा पहिल्यासारखं करायचे. काकांना वाटायचं, माणूस सुधारला.

यात एकदा डमडमला राहणाऱ्या एका वहिनींचा घात झाला. काका त्यांच्या घरी सत्यनारायणाला गेले आणि उत्साहाच्या भरात त्यांच्या कॉम्प्युटरवरून 'ते' मुळासकट उपटून आले. त्या बाईंचे सगळे पासवर्ड त्यातच साठवलेले. विजेचं बिल, गॅस, मुलाची फी, सगळीकडची दारं बंद! वहिनींनी फोनवर त्यांना काय काय ऐकवलं ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. एरवी कोणाचं ऐकून न घेणारा हा माणूस "चुकलं माझं, वहिनी" एवढंच म्हणत होता. मग तो महिनाभर मेट्रोनं डमडमला जात राहिला आणि एकेक पासवर्ड नव्यानं करून देत राहिला. जाताना संदेश मिठाईचा डबा न्यायचा. वहिनींनी शेवटी त्यांना माफ केलं, पण कॉम्प्युटरवर एक विणलेला रुमाल टाकून ठेवला. काका यायचे म्हटलं की त्या रुमालावर गणपतीची मूर्ती ठेवत.

हे सगळं मी हसून सांगते, पण त्या काळात मला त्यांचा राग यायचा. एवढं काय ते! एका संध्याकाळी वीज गेली होती. गच्चीत वारा होता म्हणून आम्ही दोघंही वर बसलो होतो. तेव्हा मी विचारलं, "काका, हे खूळ तुम्हाला लागलं कधी?"

"बायको गेली तेव्हा," ते म्हणाले.

काकूंना कर्करोग झाला होता. वर्षभर काका त्या यंत्रासमोर बसून शोधत होते. केस गेल्यावर घालायचे टोप, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, तोंडाला चव येईल अशा पावडरी. काकू गेल्या. दिवसवार झाले. चौदाव्या दिवशी काकांनी पेन्शनचं काहीतरी बघायला कॉम्प्युटर उघडला, तर बाजूला टोप, खाली गादी, वर पावडर. 'तुमच्या प्रियजनांसाठी खास सूट.'

"तेराव्याला माणूस सुटतं म्हणतात," काका म्हणाले. "ह्यांना तेरावा ठाऊक नाही. महिनोन्‌महिने चाललं होतं ते. हवामान बघायला गेलो तरी तिची गादी."

त्यांचा एकुलता एक मुलगा बंगलोरला. त्याची नोकरी नेमकी याच धंद्यातली; माणूस काय बघतो त्यावरून त्याला कुठली जाहिरात दाखवायची, ते ठरवणारं काम. काकांनी त्याला फोन केला, हे थांबव म्हणून. तो म्हणाला, "बाबा, आई गेली हे सिस्टिमला आपोआप कळत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी सर्च करा, म्हणजे हळूहळू बदलेल."

"म्हणजे मी काय शोधायला हवं होतं, सांगा बरं?" काकांनी मला विचारलं.

 त्या पोरानं खरं तेच सांगितलं होतं. पण आई जाऊन पंधरा दिवस झालेल्या घरात ते बोलायचं नव्हतं. काकांनी फोन ठेवला, 'ते' काढून टाकलं आणि मुलाशी बोलणंही बंद केलं. सून बिचारी सणावाराला मेसेज पाठवायची. काका उत्तरादाखल 'आशीर्वाद' एवढंच टाकायचे. वीज आली तसे ते उठून खाली गेले. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतरच्या वर्षी मुलाला मुलगी झाली. सुनेनं बारशाची लिंक पाठवली. 'बाबा, तुम्ही यायला हवं होतं. निदान यावरून बघा.' काकांनी ती 'आपल्या'त उघडली. पडद्यावर एक ओळ आली: या ब्राउझरमध्ये हे चालत नाही, अमक्यात उघडा. अमकं म्हणजे ते.

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी जेवायला बसत होते, सुट्टीचा दिवस होता. काका जिना चढून वर आले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दारातच उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे ते आहे ना?"

"आहे."

"ते तुमच्या डेटावर चालतं. माझ्या वायफायवर नाही."

"नाही."

"मग हरकत नाही," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चातुर्मासात घरात कांदा नाही, पण हॉटेलातल्या भज्यांतला चालतो, असे नेमधर्मवाले मी पुष्कळ पाहिलेत. मी ताट बाजूला सारलं. लॅपटॉप लावून दिला.

कॅमेरा त्यांनी सुरू करू दिला नाही. आवाजही बंद. आपण बघायचं, आपल्याला कोणी बघायचं नाही. इतकी वर्षं ज्याच्यावरून बोंब मारली तेच स्वतः करायला बसले होते, पण तेव्हा ते ध्यानात आणून देण्याइतकी मी दुष्ट नाही. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. घरात आत्या नव्हती, म्हणून सुनेच्या मैत्रिणीनंच बाळाच्या कानात कुर्र केलं. मला वाटलं होतं, काकूंचं नाव ठेवतील. तसं काही झालं नाही, हल्ली ठेवतात तसलं दोन अक्षरी नाव होतं. मध्येच मुलगा पडद्याजवळ आला, माझं नाव वाचून म्हणाला, "या कोण जॉइन झाल्यात?" सून म्हणाली, "तुझ्या ऑफिसातल्या असतील." काकांनी श्वास रोखून धरला होता. तो पाळण्याकडे परत गेला तेव्हा सोडला.

संपल्यावरही उठेनात. मग म्हणाले, झबली कुठं मिळतात बघा. मी बघितलं. मग वाळे, चांदीची वाटी, दुपटी, पाळण्यावर टांगायची चिमणाळी. काहीच पसंत पडत नव्हतं, पण बघणं थांबत नव्हतं. एका दुकानाच्या साईटनं विचारलं, बाळाची जन्मतारीख काय? वयानुसार वस्तू सुचवू.

मी ती चौकट बंद करायला निघाले, तर काकांनी झटक्यात तारीख सांगितली. खरी. वेळसुद्धा सांगत होते, पण वेळेला तिथं जागा नव्हती.

आणि मग व्हायचं तेच झालं! माझ्या लॅपटॉपवर लंगोट, बाळगुटी, मालिशचं तेल यांचा पूर आला. मी व्याजदर बघायला गेले की बाजूला गुबगुबीत पोर हसतंय. पुण्याहून आमचे हे आठ दिवस आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसला. "अगं, काही सांगायचंय का मला? आपला मुलगा इंजिनीअरिंगला आहे, एवढं लक्षात असू दे."

मी वैतागून खाली गेले आणि काकांना म्हटलं, हे सगळं आता पुसून टाकते. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले. "येतंय ते येऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून मी बँकेत निघायच्या आधी ते वर यायला लागले. "आज काय आलंय?" पंचांग बघावं तसं जाहिराती बघायचे. चावायची रबरी खेळणी आली, "दात येताहेत." उशांचा गोल आला, "बसायला लागली." नाचणीचं सत्त्व आलं, "उष्टावण झालेलं दिसतंय." बदल्यात मला पोहे मिळायचे, आता रोज. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो काका, मुलाला फोन करा की! मधल्यामध्ये मला का हे मोहरीचं तेल?"

"फोन केला की तो बोलेल," काका म्हणाले. "मग मलाही बोलावं लागेल."

असं जवळजवळ वर्ष गेलं. एका सकाळी पडद्यावर लाल रंगाचे चिमुकले बूट आले, पाऊल टाकलं की चूंचूं वाजणारे. काका उभेच राहिले. मला वाटलं, त्यांना काही होतंय की काय. ते तडक गच्चीत गेले आणि समोरच्या घरातल्या बंगाली मावशींना हाक मारून ओरडले, "आमार नातनी हाँटछे!" माझी नात चालायला लागली! गल्लीतल्या रिक्षावाल्यानंही वर बघितलं.

"ओ मा!" मावशी आनंदल्या. त्या कपडे वाळत घालत होत्या, तशाच कठड्याशी आल्या. "भिडिओ देखान ना, दादा!" व्हिडिओ दाखवा, म्हणत होत्या.

काका गच्चीत उभे होते. हातात काही नव्हतं. माकडटोपी काढून त्यांनी पुन्हा घातली. "पाठवतील," असं काहीतरी पुटपुटले आणि आत येऊन माझ्या खुर्चीत बसले. मावशी अजून वाट बघत होत्या. मला ते बघवेना. आणि मला बघवलं नाही की माझं तोंड सुटतं.

"काका, त्या यंत्राला काय डोंबल कळतंय? आपणच त्याला तारीख दिली. ते महिने मोजतं आणि बूट दाखवतं. पोरगी चालते की नाही, त्याला काय ठाऊक? काकू गेलेल्या त्याला कळल्या नाहीत, आणि हे बरं कळेल!"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलून गेले.  काकांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठ होता. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी घाईघाईनं उचलला.

"चालते का रे?" काका म्हणाले.

 तिकडून, "बाबा?"

"चालते का, विचारतोय."

"नाही... नाही अजून." मुलगा सांगू लागला. "उभी राहते. टेबलाला धरून. हात सुटला की बसकण मारते."

काकांनी लॅपटॉपवरच्या त्या लाल बुटांकडे बघितलं आणि टेबलावर अशी थाप मारली की माझी पोह्यांची बशी उडाली. "चुकलं! बघा बाई, चुकलं! मी सांगत नव्हतो? ह्यांना काही म्हणता काही कळत नाही!"

"कोण चुकलं, बाबा?"

"तुझे लोक, दुसरं कोण!"

 तिकडे मागे पोरगी भांडं आपटत होती.

"हो, बाबा," मुलगा म्हणाला. "आमचं चुकतंच."

 काकांनी मनगटानं नाक पुसलं. मग माझ्याकडे वळून घरमालकाच्या आवाजात म्हणाले, "ते आता काढून टाका तुम्ही. डेटावरसुद्धा नको." आणि फोन तोंडाजवळ नेऊन, जरा हळू, "ती उभी राहते ते दाखव मला. पण आपल्यात उघडेल असं काहीतरी पाठव."